तबकडी, सुई आणि घरचें यंत्र

१९७७ सालीं अमेरिकेंतून व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडण्यांत आलीं. सूर्यमालेच्या पलीकडे जाणाऱ्या त्या प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक बारा इंची तबकडी बसविलेली आहे आणि पृथ्वीवरील निरनिराळ्या देशांचें संगीत तीवर मुद्रित केलेलें आहे. भारताच्या वतीनें त्या तबकडीवर केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या आणि मुंबईच्या बैठकींतून कीर्ति पावलेल्या या गायिकेचा स्वर अशा रीतीनें ताऱ्यांच्या दिशेनें निघाला, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या हकीकतींतील एक लहानशी गोष्ट बहुधा सांगितली जात नाहीं. ज्यांनीं ती तबकडी पाठविली, त्यांनीं ती एकटी पाठविली नाहीं. तीवर चालणारी सुई आणि ती सुई धरणारें कार्ट्रिज हींहि त्यांनीं बरोबर ठेविलीं, आणि तबकडी कोणत्या वेगानें फिरवावी तें वेष्टनावर आकृत्यांनीं कोरून ठेविलें. जिला तिची सुई आणि तिचा वेग मिळाला नाहीं ती तबकडी मुकी होय, हें त्यांना पक्कें माहीत होतें.

पृथ्वीवरील घरांत मात्र इतकी दूरदृष्टि क्वचितच आढळते. येथें तबकड्या मागें राहतात, सुई हरवते आणि यंत्र भंगारांत जातें. आजोबांच्या लाकडी पेटींत बालगंधर्वांचीं नाट्यपदें आहेत, अब्दुल करीम खां यांच्या ठुमऱ्या आहेत, हिराबाई बडोदेकरांचें गायन आहे. त्याखालीं वडिलांनीं हौसेनें घेतलेल्या मोठ्या, लवचिक तबकड्या आहेत. एखाद्या सुटीच्या दिवशीं पेटी उघडली जाते, घरांतील मंडळी भोंवतीं जमतात, आणि दुसऱ्या दिवशीं कोणी तरी बाजारांतून एक नाजुक, रंगीत, पेटीसारखें दिसणारें यंत्र घेऊन येतो. तबकडी वाजते आणि सर्वांना आनंद होतो. परंतु यंत्र चुकीचें असेल तर त्या आनंदाच्या प्रत्येक तीन मिनिटांत खांचेंतील आवाजाचा कांहीं अंश खरवडून निघतो आणि तो पुन्हां येत नाहीं. यंत्र बिघडलें तर दुसरें मिळतें. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं छापणें थांबलेली तबकडी बिघडली तर दुसरी मिळेलच असें नाहीं. म्हणून घरासाठीं तबकडी वाजविण्याचें यंत्र निवडतांना पहिला प्रश्न 'आवाज किती गोड येतो' हा नसून 'हें यंत्र तबकडीला काय करतें' हा असला पाहिजे. सुदैवानें या दोन्ही प्रश्नांचें उत्तर बहुधा एकच येतें. जें यंत्र तबकडीला जपतें तेंच तिच्यांतून चांगला आवाज काढतें.

यंत्राच्या दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतील पेटी नीट पाहावी. तबकड्यांच्या मुख्य जाती तीन. पहिली जात लाखेच्या तबकड्यांची. एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचें पेटंट घेतलें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान प्रभृति कलावंतांचीं ध्वनिमुद्रणें झालीं आणि १९०८ सालीं त्याच शहरांत तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. या तबकडींतील लाख भारताच्याच जंगलांतून येत असे. तींत दगडाची बारीक पूड व काजळी मिसळून ती तापवून दाबीत. अशी तबकडी जड व ठिसूळ असते, मिनिटाला सुमारें ७८ फेरे घेते, आणि दहा इंची असेल तर एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटें वाजते. दुसरी जात विनाइल नांवाच्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांची. कोलंबिया कंपनीनें १९४८ सालीं मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लांब वेळाची तबकडी काढली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गायन मावूं लागलें आणि विलंबित ख्यालाला प्रथमच पाय पसरावयास जागा मिळाली. पुढच्याच वर्षीं ४५ फेऱ्यांची लहान सात इंची तबकडी निघाली. तिसरी जात १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कची. तींत सुई नाहीं आणि खांचहि नाहीं. तिचा विचार शेवटीं केलेला बरा, कारण तिचा न्याय वेगळा आहे.

पहिल्या दोन जातींत दिसणारा फरक आकाराचा व वजनाचा. पण खरा फरक डोळ्यांस दिसत नाहीं. तो खांचेच्या रुंदींत आहे. लाखेच्या तबकडीची खांच माणसाच्या केसाच्या सुमारें दुप्पट रुंद असते, तर लांब वेळाच्या तबकडीची खांच केसाहूनहि अरुंद असते. म्हणून पहिलीला सुईचें टोंक बोथट लागतें, आणि दुसरीला तीक्ष्ण. लाखेच्या तबकडीसाठीं टोंकाच्या गोलाईची त्रिज्या इंचाच्या हजार भागांपैकीं सुमारें तीन भाग धरतात. विनाइलच्या एकध्वनि तबकडीसाठीं ती एक भाग, आणि १९५८ पासून प्रचारांत आलेल्या स्टिरिओ तबकडीसाठीं एका भागाहूनहि कमी. तीक्ष्ण टोंकाची सुई लाखेच्या रुंद खांचेंत घातली तर ती खांचेच्या भिंतींना नीट न टेकतां तळाशीं जाऊन बसते. तेथें गाणें नसतें, धूळ व ओरखडे असतात. गाणें मंद व खरखर मोठी ऐकूं येते, आणि ऐकणारा म्हणतो कीं जुन्या तबकडींत आतां कांहीं राहिलें नाहीं. वास्तविक गाणें जागच्या जागीं असतें. चुकीची सुई त्याच्यापर्यंत पोंचलेली नसते एवढेंच. उलट, लाखेच्या तबकडीची बोथट सुई विनाइलच्या अरुंद खांचेवर ठेविली तर ती खांचेच्या कडा दाबून बिघडवून टाकते.

येथें खरेदी करणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत होते. यंत्रावर ३३, ४५ आणि ७८ असे तीन आंकडे लिहिलेला खटका असतो, आणि तो पाहून गृहस्थाची समजूत होते कीं यावर सर्व तबकड्या चालतात. खटका थाळीचा वेग बदलतो, सुई बदलत नाहीं. तीन वेग असलेलें आणि एकच सुई असलेलें यंत्र लाखेच्या तबकड्यांसाठीं अपुरें होय. जुन्या कांहीं यंत्रांत एकाच कार्ट्रिजला दोन बाजूंनीं दोन सुया असत आणि लहानशी कळ फिरवून हवी ती खालीं आणतां येत असे. त्या कारागिरांनीं गिऱ्हाइकाला फसविलें नव्हतें. आजहि चांगल्या कार्ट्रिजांसाठीं लाखेच्या तबकडीची निराळी सुई तयार होते. म्हणून दुकानदारास विचारावयाचा पहिला प्रश्न असा: या यंत्राची सुई काढतां येते काय, आणि तिच्या जागीं ७८ ची सुई बसवितां येते काय? उत्तर 'नाहीं' असें आलें तर लाखेच्या तबकड्यांच्या धन्यानें पुढचें बोलणें वाढवूं नये.

सुईच्या आकारानंतर तिच्या भाराचा विचार येतो. चावीच्या जुन्या ग्रामोफोनांत पोलादी सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार पडत असे. त्या भारावरच आवाज निघावयाचा, कारण तेथें वीज नव्हती. सुईच्या कंपनांनींच पडदा हालवावयाचा आणि पडद्यानें कर्णा भरावयाचा. लाखेंतील दगडाची पूड त्या पोलादी टोंकाला घांसून खांचेच्या मापाचें करी, आणि म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई घालावी असा नियम होता. काटकसरीखातर एकाच सुईवर दहा बाजू वाजविणाऱ्या घरांतील तबकड्या आज राखाडी दिसतात, त्याचें कारण हेंच. या जातीच्या यंत्रावर विनाइलची तबकडी तर कधींच ठेवूं नये. एकाच खेपेस तिचा निकाल लागतो.

विजेच्या यंत्रांत दोन प्रकार आहेत. स्वस्त यंत्रांत स्फटिकाचें किंवा सिरॅमिकचें कार्ट्रिज असतें. त्याला साधारणतः चार ते सहा ग्रॅम भार लागतो, आणि त्याची सुई पुष्कळदां माणकाच्या जातीच्या कृत्रिम खड्याची असते. दुसरा प्रकार चुंबकाच्या कार्ट्रिजचा. त्यांत सुईच्या मागें बारीकसा चुंबक असतो, तो तारेच्या वेटोळ्यांमध्यें हालला कीं वीज उत्पन्न होते. त्याला विनाइलवर साधारण दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो आणि सुई हिऱ्याची असते. हिरा पांचशें ते हजार तास टिकतो. तो दुसरा खडा त्याच्या लहानशा अंशाइतकाच टिकतो, आणि झिजल्यावर त्याच्या बाजूंना धार येऊन तो छिन्नीसारखा चालूं लागतो. किंमतींत दिसणारा फरक येथें वसूल होतो.

परंतु भार हलका असला कीं काम झालें असेंहि नव्हे. ठरलेल्या मापाहून भार कमी ठेविला तर मोठ्या स्वराच्या वेळीं सुई खांचेंत स्थिर राहत नाहीं. ती भिंतींवर उडते व आपटते, आणि त्या आपटण्यानेंहि खांच बिघडते. कार्ट्रिज बनविणारा जो आंकडा देतो तोच पाळावा. यासाठीं सुईचा दांडा असा हवा कीं त्याच्या मागच्या टोंकाला फिरवितां येणारें वजन आहे आणि भार मोजून लावतां येतो. भार मोजण्याचा लहानसा कांटा स्वतंत्र मिळतो. तो घेण्यांत हयगय करूं नये. ज्या यंत्राच्या दांड्यावर असली कोणतीच सोय नाहीं त्यावर भार किती पडतो हें विकणारालाहि सांगतां येत नाहीं.

आतां वेगाचा प्रश्न. संगीताच्या जाणकार घरांत याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. तबकडी ज्या वेगानें मुद्रित झाली त्याहून शेंकडा सहानें जलद फिरली तर काळी एकचा सूर पांढरी दोनवर जातो. गायकाचा षड्ज बदलतो, आवाजाची जात बदलते, लय चढते. ७८ फेऱ्यांच्या जागीं सुमारें साडेब्यायशीं फेरे झाले कीं एवढा अनर्थ होतो. १९२५ सालीं विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें, त्यापूर्वींच्या तबकड्यांचे वेग तर एकसारखे नसतच. कांहीं सत्तरच्या आसपास तर कांहीं ऐंशीच्या वर असत. अब्दुल करीम खां यांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या आणि १९३४ ते १९३६ या काळांतील तबकड्या एकाच आंकड्यावर ठेवून ऐकल्या, तर वयानें गळ्यांत झालेला बदल कोणता आणि यंत्रानें केलेला बदल कोणता हें सांगणें कठीण. म्हणून अशा तबकड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनीं वेग थोडा कमी-अधिक करण्याची सोय असलेलें यंत्रच पाहावें. शेजारीं स्वरपेटी किंवा हार्मोनियम घेऊन गायकाचा षड्ज वाजवी पट्टींत येतो कीं नाहीं हें ताडून पाहणें ही या बाबतींतील चांगली परीक्षा होय.

वेग तपासण्याचें एक साधन अगदीं स्वस्त आहे. कागदाच्या एका चकतीवर कडेनें सारख्या अंतरावर काळे पट्टे छापलेले असतात. ती चकती फिरत्या थाळीवर ठेवून विजेच्या लुकलुकत्या दिव्याखालीं पाहिली असतां, वेग बरोबर असेल तर पट्टे जागच्या जागीं उभे असल्यासारखे दिसतात. वेग अधिक असेल तर पुढें सरकतात, कमी असेल तर मागें. भारतांत विजेचीं आवर्तनें सेकंदाला ५० आहेत, त्यामुळें येथें ७८ च्या वेगासाठीं ७७ पट्ट्यांची आणि ३३⅓ साठीं १८० पट्ट्यांची चकती लागते. अमेरिकेंत आवर्तनें ६० असल्यानें तेथील चकतीवर हे आंकडे ९२ आणि २१६ असतात, आणि ती चकती येथें वापरली तर बरोबर चालणारें यंत्र चुकीचें ठरतें. नव्या एल्.ई.डी. दिव्यांत पुष्कळदां हें लुकलुकणें नसतें. अशा वेळीं जुनी निऑनची बत्ती किंवा त्यासाठींच केलेला लहान दिवा वापरावा.

याच आवर्तनांच्या फरकानें आणखी एक घोटाळा होतो. परदेशीं राहणारे नातेवाईक हौसेनें तेथील जुनें, भारी यंत्र घेऊन येतात. विजेचा दाब बदलणारी पेटी लावली कीं तें येथें चालेल असें सर्वांस वाटतें. दाब बदलतो, आवर्तनें बदलत नाहींत. ज्या जुन्या यंत्राची मोटर आवर्तनांबरोबर पाऊल टाकणारी असते, तें अमेरिकन यंत्र येथें सहांपैकीं पांच हिश्श्यांच्या वेगानेंच फिरतें, आणि गाणें तीन अर्धस्वरांहून अधिक खालीं उतरतें. मोटरच्या दांडीवरील कप्पी ५० आवर्तनांची बसवितां येते कीं काय हें आधीं विचारावें, आणि मगच यंत्र विमानांत चढवावें.

थाळी फिरविण्याच्या पद्धति तीन आहेत. एकींत मोटर आणि थाळी यांमध्यें रबराचें चाक असतें. दुसरींत रबराचा पट्टा असतो. तिसरींत मोटरच्या आंसावरच थाळी बसविलेली असते. चाकाच्या पद्धतींत जोर भरपूर, पण रबर घट्ट झालें कीं घरघर थाळींत उतरते. पट्ट्याच्या पद्धतींत शांतता अधिक, पण पट्टा सैल झाला कीं सूर डुलूं लागतो. तिसरी पद्धति जपानांतील टेक्निक्स कंपनीनें १९७० च्या सुमारास प्रचारांत आणली. तींत वेग पक्का राहतो. तिन्ही पद्धतींचीं उत्तम यंत्रें झालीं आहेत आणि तिन्हींचीं वाईट यंत्रेंहि झालीं आहेत. म्हणून पद्धतीच्या नांवावर निवड करूं नये. नुसत्या कीर्तीवरहि करूं नये. त्याच कंपनीचें १९७२ सालचें एस्.एल्. १२०० हें यंत्र अत्यंत प्रसिद्धि पावलें, परंतु त्याला ३३⅓ आणि ४५ हे दोनच वेग होते. ज्या घरांत केवळ लाखेच्या तबकड्या आहेत त्या घराला तें नामांकित यंत्रहि निरुपयोगी होतें.

यंत्राची परीक्षा दुकानांत कशी करावी? घरची एक तबकडी बरोबर न्यावी. ती चांगल्या स्थितींतील, पण गेली तरी फार हळहळ वाटूं नये अशी असावी. प्रथम हार्मोनियमचा किंवा तंबोऱ्याचा दीर्घ स्वर ऐकावा. तो सरळ उभा राहिला तर थाळी ठीक. तो लाटेसारखा वरखालीं झाला तर यंत्र नाकारावें. नंतर बाजू संपत आली असतां काय होतें तें मुद्दाम ऐकावें. ही परीक्षा आपल्या संगीताला विशेष लागू आहे. थाळीचे फेरे तेवढेच असले तरी बाहेरच्या खांचेची लांबी मोठी आणि आंतल्या खांचेची लहान, त्यामुळें लांब वेळाच्या तबकडींत बाहेर सुईखालून सेकंदाला सुमारें ५० सेंटिमीटर खांच सरकते, तर शेवटीं सुमारें २० सेंटिमीटरच. म्हणजे तेंच गाणें निम्म्याहून कमी जागेंत दाटीनें लिहिलेलें असतें. आणि ख्यालाची रचना अशी कीं बाहेर विलंबित आलाप चालतो आणि द्रुत ताना नेमक्या या अरुंद जागेंत येतात. जें यंत्र आलापांत गोड वाटलें तें तानांत फाटकें वाटूं लागतें. सुई मापांत बसविलेली नसणें, किंवा तिचें टोंक झिजलेलें असणें, हीं याचीं नेहमींचीं कारणें. शेवटच्या दोन मिनिटांतील तानांचे दाणे ज्या यंत्रावर सुटे सुटे ऐकूं येतात, तें यंत्र विश्वासास पात्र.

यंत्र घरीं आल्यावर तें कोठें ठेवावें, हाहि निवडीचाच भाग. थाळी पाणसळीनें तपासून सपाट ठेवावी. लाउडस्पीकर असलेल्या टेबलावर यंत्र ठेवूं नये. आवाजाचे हादरे सुईंत परत शिरतात आणि घुमल्यासारखा नाद सुरू होतो. याच कारणानें लाउडस्पीकर पोटांतच असलेल्या पेटीवजा यंत्रांकडून फार अपेक्षा धरतां येत नाहीं. चुंबकाच्या कार्ट्रिजमधून निघणारी वीज एका व्होल्टच्या हजार भागांपैकीं अवघे तीन-पांच भाग असते. ती वाढविण्यासाठीं 'फोनो' नांवाची जोडणी असलेला अॅम्प्लिफायर, किंवा तसली स्वतंत्र लहान पेटी, लागतेच. तबकडी कापतांना खालचे स्वर मुद्दाम कमी व वरचे वाढवून कापलेले असतात, आणि ते पूर्ववत् करण्याचें कामहि हीच पेटी करते. १९५४ पासून यासाठीं एकच ठरीव प्रमाण रूढ झालें. त्यापूर्वीं कंपनीगणिक प्रमाण निराळें असे. त्यामुळें लाखेच्या तबकड्या ऐकतांना अॅम्प्लिफायरवरील जाड व बारीक आवाजाच्या कळा कानाला रुचतील तशा फिरविण्यांत कांहीं गैर नाहीं. अॅम्प्लिफायरला 'मोनो'ची कळ असेल तर जुन्या तबकड्यांसाठीं ती अवश्य दाबावी. त्या तबकड्यांत गाणें सुईच्या आडव्या हालचालींत असतें. उभ्या हालचालींत असते ती बहुतेक खरखर. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या कीं ती उभी खरखर पुष्कळशी परस्पर कटते.

स्वच्छतेविषयीं एक सूचना जिवावरची म्हणून लक्षांत ठेवावी. लाख स्पिरिटमध्यें विरघळते. विनाइलसाठीं विकत मिळणाऱ्या कित्येक द्रवांत स्पिरिट असतें. त्यांचा बोळा लाखेच्या तबकडीवर फिरविला तर तिचा पृष्ठभागच पुसला जातो. तिला शुद्ध केलेलें पाणी, अगदीं किंचित् सौम्य साबण आणि मऊ फडकें पुरे, आणि मधला कागद भिजूं देऊं नये. कोंकणपट्टींत व मुंबईंत पावसाळ्यांत कागदी वेष्टनांवर बुरशी धरते. तीं वेष्टनें बदलावीं. तबकड्या उभ्या ठेवाव्या, एकीवर एक रचूं नयेत, आणि उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवाव्या.

आतां कॉम्पॅक्ट डिस्क. बारा सेंटिमीटर व्यासाच्या त्या चकतीवर ध्वनि आंकड्यांच्या रूपानें लिहिलेला असतो. एका सेकंदाच्या आवाजाचीं ४४,१०० मापें घेऊन तीं सूक्ष्म खड्ड्यांच्या ओळींत मांडलेलीं असतात आणि लेसरचा किरण तीं वाचतो. चकतीला स्पर्श होतच नाहीं, म्हणून हजार वेळां वाजविली तरी ती वाजविण्यानें झिजत नाहीं. साहजिकच येथें भीति निराळी. स्वस्त यंत्र आवाज थोडा उणा देईल, पण चकतीचें नुकसान करणार नाहीं. नीट बनविलेल्या यंत्रांमधील ध्वनीचा फरकहि दोन सुयांमधील किंवा दोन लाउडस्पीकरांमधील फरकाइतका मोठा नसतो. तेव्हां या यंत्रांत तीन गोष्टी पाहाव्या: चकती बाहेर देणारा खण आवाज न करतां नीट सरकतो काय, किंचित् ओरखडा असलेली चकती तें न अडखळतां वाचतें काय, आणि लेसरचा भाग निकामी झाला तर तो बदलून मिळेल काय. १९९९ सालीं सुपर ऑडिओ सी.डी. नांवाची अधिक सूक्ष्म जात निघाली. तिच्यासाठीं निराळें यंत्र लागतें, परंतु तिच्या पुष्कळशा चकत्यांना साध्या डिस्कचाहि थर असतो आणि तो कोणत्याहि सी.डी. यंत्रावर वाजतो. ज्यांच्या संग्रहांत अशा चकत्या नाहींत त्यांनीं केवळ नांवासाठीं अधिक पैसे देऊं नयेत. चकती पुसतांना मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल पुसूं नये, आणि छापील बाजूलाच अधिक जपावें, कारण चकाकणारा थर तिच्याच अगदीं खालीं असतो.

या सर्व विवेचनाचा खर्चाच्या दृष्टीनें असा निष्कर्ष निघतो कीं, जेथें यंत्राचा तबकडीला स्पर्श होतो तेथें पैसा आधीं घालावा. प्रथम योग्य आकाराची हिऱ्याची सुई, मग भार मोजून लावतां येईल असा दांडा, मग स्थिर वेगाची थाळी, मग फोनोची पेटी व लाउडस्पीकर, आणि पेटीचा रंग, चकचकीत लाकूड, दिव्यांची रोषणाई हीं सर्वांच्या शेवटीं. ज्या घरांत तिन्ही जातींचा संग्रह आहे त्यानें सर्व कांहीं एकाच पेटींत शोधूं नये. सुई बदलतां येणारें एक चांगलें टर्नटेबल आणि एक साधें सी.डी. यंत्र हीं दोन मिळून 'सर्व कांहीं वाजविणाऱ्या' एका पेटीपेक्षां तबकड्यांचे खरे मित्र ठरतात. आजोबांचा चावीचा ग्रामोफोन दिवाणखान्यांत अवश्य ठेवावा, आणि सणावारीं नवी सुई घालून, जिची दुसरी प्रत घरांत आहे अशी एखादी तबकडी त्यावर वाजवावी. जी एकुलती एक आहे ती त्यावर ठेवूं नये.

अशी दुर्मिळ तबकडी एकदां चांगल्या यंत्रावर, बरोबर सुईनें आणि बरोबर वेगानें वाजवून संगणकावर उतरून घ्यावी, आणि नित्याचें ऐकणें त्या प्रतीवर करावें. प्रतीला मात्र मुळाची जागा देऊं नये. उद्यां याहून चांगली सुई निघाली तर तिला काम करावयास मूळ तबकडीच लागेल. शेवटीं, पेटींत प्रत्येक जातीच्या तबकड्यांच्या गठ्ठ्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: या कोणत्या वेगानें वाजवाव्या, यांना कोणती सुई लागते, सुई शेवटची केव्हां बदलली. ताऱ्यांकडे तबकडी पाठविणाऱ्यांना जें सुचलें तें आपल्याच नातवंडांसाठीं करावयास कोणत्याहि घराला अवघड नाहीं.